जुनी जॅग्वार एक्सके८ घेताना एमओटीचा इतिहास कसा वाचावा?

तुम्ही इंग्लंडमध्ये २००१ ची जॅग्वार एक्सके८ कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, पाहिली आहे. विकणारा म्हणतो, गेल्याच महिन्यात एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची तिथली सक्तीची वार्षिक चाचणी, झाली, एकही शेरा नाही. तेवढ्यावर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

तेवढ्यावर घेऊ नका. शेवटची एमओटी फक्त त्या एका दिवसाची अवस्था सांगते. या वयाच्या गाडीची खरी कुंडली मागच्या वीसेक वर्षांच्या नोंदींत असते, आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या चाचण्या दिसतात: तारीख, मैल, नापास होण्याची कारणं आणि ‘अ‍ॅडव्हायझरी’. अ‍ॅडव्हायझरी म्हणजे आज पास केलंय, पण इकडे लक्ष ठेवा, असा टेस्टरचा शेरा. चाचणी कोणत्या गॅरेजात झाली हे पाहायचं असेल तर लॉगबुकवरचा, म्हणजे व्ही५सी या नोंदणी कागदावरचा, ११ अंकी क्रमांक लागतो. तो मागून घ्या.

सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवा आणि सर्वांत जुन्या नोंदीपासून वाचायला लागा. नापास झालेली गाडी वाईट, असं मुळीच समजू नका. सस्पेन्शनचा बॉल जॉइंट ढिला म्हणून नापास, दोन दिवसांनी पास, आणि सोबत नव्या जॉइंटचं बिल असेल तर मालक काळजी घेणारा होता. मला जास्त खटकतो तो मध्येच गायब झालेला शेरा. तीन वर्षं लागोपाठ ‘पुढच्या फ्लोअरला गंज’ लिहिलंय, चौथ्या वर्षी गॅरेज बदललं आणि शेरा नाहीसा झाला, वेल्डिंगचं बिल मात्र नाही. अशा ठिकाणी पाणी मुरतंय.

या गाडीत ते अक्षरशः मुरतं. एक्सके८ चा गंज बाहेरच्या रंगावरून कळत नाही. पुढच्या फ्लोअरपॅनच्या, म्हणजे पायांखालच्या पत्र्याच्या, कडा, जॅक लावायच्या जागेजवळचा पत्रा आणि मागच्या चाकांच्या कमानी आधी सडतात. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. टेस्टर दाबून आणि ठोकून पाहतो, पण कोणताही भाग खोलून काढायची त्याला परवानगी नसते. म्हणून ‘अंडरट्रे (खालची झाकणं) बसवलेले असल्याने खालचे काही भाग दिसले नाहीत’ किंवा ‘खालून जाड अंडरसील (गंजरोधक लेप)’ असा शेरा दिसला तर त्याचा अर्थ तिथे कोणी पाहिलेलंच नाही, एवढाच घ्या. गाडी रॅम्पवर चढवून ट्रे काढायला सांगा, पुढच्या पायांखालचं कार्पेट उचलून ओल तपासा. वेल्डिंग झालं असेल तर कामाचे फोटो मागा. कुजलेला पत्रा कापून नवा बसवणं वेगळं, त्याच्यावर ठिगळ मारणं वेगळं.

२० मे २०१८ पासून दोषांचे ‘डेंजरस’, ‘मेजर’ आणि ‘मायनर’ असे वर्ग झाले. पहिल्या दोघांनी गाडी नापास होते. त्याआधीच्या नोंदींत ही भाषा नसेल, त्यामुळे जुन्या नोंदी सौम्य वाटतात. तिकडे शब्द नीट वाचा. एकाच तारखेला नापास आणि लगेच पास दिसलं तर बहुतेक वेळा बल्ब किंवा वायपरसारखी किरकोळ गोष्ट तासाभरात बदललेली असते. त्यात काळजीचं कारण नाही.

मग मैलांकडे या. दरवर्षी सात-आठ हजार मैल आणि अचानक सलग पाच वर्षं दोनशे-तीनशे, असं दिसलं की जाहिरातीत ‘कमी चाललेली’ म्हणून मिरवलं जातं. नुसत्या उभ्या गाडीत ब्रेकचे कॅलिपर चिकटतात, डिस्कवर गंज चढतो, रबरी सील सुकतात, ब्रेक पाइप खालून गंजतात. टायरच्या खाचांना १.६ मिलिमीटर खोली असली की नियम पूर्ण होतो, टायर कितीही जुना असो, म्हणून कडेवरचा डॉट कोड स्वतः पाहा: शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. मधली दोन वर्षं नोंदच नसेल आणि मैल तेवढेच असतील तर गाडी सॉर्नवर, म्हणजे रस्त्यावरून काढून उभी ठेवलेली असेल. नोंद नाही पण मैल हजारोंनी वाढले असतील तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. जपानहून आणलेली गाडी असेल तर ब्रिटनमध्ये येण्याआधीचं काहीच इथे दिसणार नाही, तिथली कागदपत्रं वेगळी लागतील.

आता एमओटीत जे येतच नाही ते. इंजिन आणि गिअरबॉक्सची प्रकृती ती तपासत नाही, आणि या गाडीचा सर्वांत महागडा धोका तिथेच आहे. ४.० लिटर व्ही८ इंजिनच्या टायमिंग चेनचे सुरुवातीचे टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारे भाग, प्लॅस्टिकचे होते. ते तडकले की चेन सैल पडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. २००१ च्या गाडीत ते असण्याची शक्यता धरून चाला. धातूचे टेन्शनर बसवल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून बोला. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून खडखड ऐका. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर पुन्हा जा.

इंजिनचा चेतावणी दिवा १ जुलै २००३ पासून वापरात आलेल्या पेट्रोल गाड्यांसाठीच तपासला जातो, म्हणजे ही गाडी तो दिवा पेटलेला असतानाही पास होऊ शकते. एबीएसचा दिवा मात्र तपासतात. जुन्या नोंदींत तो पेटल्याचा शेरा सापडला तर एबीएस मॉड्यूलमधले सुटलेले सोल्डरचे जोड हे या गाडीचं ओळखीचं दुखणं आहे, दुरुस्त होतं. छताची हायड्रॉलिक यंत्रणाही एमओटीत नसते. छत दोन-तीनदा उघडबंद करून आतल्या आरशाच्या वरच्या बाजूला तेल झिरपतं का ते पाहा, तिथली नळी फुटली की हिरवं तेल थेट चालकाच्या अंगावर येतं.

शंका उरलीच तर विकणाऱ्याच्या संमतीने तुम्ही निवडलेल्या केंद्रावर नवी एमओटी करून घ्या. कारसाठी कमाल शुल्क ५४.८५ पाउंड आहे. मात्र ‘डेंजरस’ दोष निघाला तर दुरुस्तीशिवाय गाडी तिथून चालवून नेता येत नाही. ही गोष्ट विकणाऱ्याला आधीच सांगा आणि टो ट्रकचा खर्च कोण देणार हे ठरवूनच गाडी केंद्रावर न्या.