कलम उघडून वाच

बाळ,

तुझं पत्र मिळालं. वकील व्हायचंय, म्हणून विचारतेस: बी.कॉम. सोडून राज्यशास्त्र घेऊ का, पुण्यात क्लास लावू का, स्पीकिंगचा कोर्स करू का. सगळे प्रश्न वडिलांचे पैसे खर्च करायचेच! तीन वर्षांच्या एलएलबीला कोणतीही पदवी चालते, खुल्या गटाला ४५ टक्के पुरतात. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शेवटच्या वर्षी नेटाने बसलीस की झालं.

आता कामाचं. कलम वाच. कलमाबद्दल कुणी लिहिलेलं नको, कलमच वाच. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे कायदे फुकट आहेत. १८७२ चा करार कायदा तुम्हाला अभ्यासाला आहेच, पण तू गाइडमधली उत्तरं घोकली असणार. मूळ कायद्यात कलमांखाली उदाहरणं दिलेली आहेत. 'अ'ने 'ब'ला पत्राने घर विकायचा प्रस्ताव दिला, अशी. ती वाचलीस?

पैसे पुरते पोचले नाहीत म्हणजे खरेदी झालीच नाही, असं कोर्टाच्या आवारात छातीठोक सांगणारे खूप भेटतील. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ काढ. किंमत दिलेली, द्यायची कबूल केलेली, किंवा थोडी दिलेली थोडी कबूल केलेली, तिन्ही चालतात. चार ओळींचा मजकूर, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडतात.

भाषण जमत नाही म्हणतेस. कोर्टात भाषण ऐकतो कोण? न्यायाधीश साहेब विचारतात, कोणत्या कलमाखाली? तिथे गप्प बसलीस की संपलं.

माझ्या बरोबरीचे हायकोर्टात गेले, मी तालुक्यातच राहिलो. इंग्रजीला घाबरला, असं घरचेही म्हणतात. म्हणोत. रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू? पण मुंबईहून मोठा वकील आला, तरी कलमाखालचं परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट, मी वाचलेलं असायचं. त्याच्याकडे ते ज्युनिअरने वाचलेलं असायचं. म्हणून हट्टाने सांगतो, कलम स्वतः वाच. आळस केलास तर माझ्याकडे येऊ नकोस.

आलीस तर रविवारी सकाळी ये, चहाला. करार कायद्याचं कलम २५ वाचून ये. मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल, आणि त्याला तीन अपवाद. त्यातला तिसरा तुझ्या वडिलांच्या दुकानातल्या जुन्या उधारीच्या वहीला लागतो का, ते सांग. नुसतं हो-नाही नको. गिऱ्हाइकाकडून लेखी काय हवं आणि सही कुणाची चालेल, तेही सांग.