वाचकांचे प्रश्न : बॅटरी किती भरावी, किती उतरू द्यावी?

मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : रात्री झोपताना मोबाइल चार्जिंगला लावण्याची मला सवय आहे. शंभर टक्के झाल्यावरही वीज आत जात राहते आणि बॅटरी जास्त भरून खराब होते, असे घरचे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : बॅटरी जास्त भरण्याची भीती आपण मनातून काढून टाकावी. मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीचे चार्जिंग ढोबळमानाने दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मोठा प्रवाह दिला जातो आणि सेलचे, म्हणजे बॅटरीतल्या वीज साठवणाऱ्या घटकाचे, व्होल्टेज चढत जाते. ते ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे बऱ्याच सेलमध्ये ४.२ व्होल्टला, पोचले की ते तिथेच रोखून धरले जाते, प्रवाह हळूहळू कमी होत जातो आणि अखेरीस मोबाइलमधले सर्किटच तो बंद करते. पहिले पन्नास टक्के झरझर भरतात आणि शेवटचे दहा टक्के रेंगाळतात, ते याचमुळे.

तरीही घरच्यांच्या सांगण्यात तथ्याचा एक अंश आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना सेलमधले व्होल्टेज सर्वाधिक असते आणि त्या अवस्थेत आतले रासायनिक द्रव्य व इलेक्ट्रोड (सेलमधले धन व ऋण थर) यांच्यात नको त्या अभिक्रिया अधिक वेगाने होतात. त्यांतून वापरण्याजोगे लिथियम कायमचे अडकून पडते आणि क्षमता घटते. या अभिक्रियांना उष्णतेची जोड मिळाली की नुकसान कितीतरी वाढते. म्हणून रात्रभर चार्जिंगला लावण्यापेक्षा तो मोबाइल कुठे ठेवला आहे, याची काळजी मला अधिक वाटते. उशीखाली, पांघरुणात किंवा जाड कव्हरमध्ये तापत राहिलेला, शंभर टक्के भरलेला मोबाइल ही बॅटरीसाठी सर्वांत वाईट स्थिती होय, आणि अंथरुणात तो आगीच्या दृष्टीनेही धोक्याचा आहे. मोबाइल कठीण, मोकळ्या जागी ठेवावा, कव्हर जाड असल्यास काढावे आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची किंवा उठण्याच्या वेळेच्या सुमारास चार्जिंग पूर्ण करण्याची सोय असेल तर ती जरूर सुरू करावी. वायरलेस चार्जिंगमध्ये अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून तिथे ही दक्षता अधिक हवी.

वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान बॅटरी ठेवावी, हा सल्ला योग्य आहे, पण त्यापायी दिवसभर टक्क्यांकडे पाहत बसण्याचे कारण नाही. प्रवासाला निघताना ती खुशाल पूर्ण भरून घ्यावी. बॅटरी वापरासाठीच असते आणि कितीही जपली तरी काळाबरोबर ती थोडीफार झिजतेच.

प्रश्न : नवा मोबाइल आधी आठ तास चार्ज करावा आणि पुढे दर वेळी बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्जिंगला लावावा, असे वडील सांगतात. मी दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे चार्जिंग करते. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य कमी होते का?

उत्तर : आपल्या वडिलांचा सल्ला एके काळी बरोबर होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पुन्हा पुन्हा अर्धवट उतरवून भरल्या तर त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटे, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवीत असत. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे मोबाइल-लॅपटॉपमध्ये तीच रूढ झाली. तिला हा नियम लागू नाही. उलट वारंवार शून्यापर्यंत उतरवल्याने ती लवकर झिजते. नव्या उपकरणालाही आठ तासांच्या चार्जिंगची गरज नसते.

थोडेथोडे चार्जिंग केल्याने बॅटरीचे आवर्तन, म्हणजे पूर्ण क्षमतेइतकी वीज एकदा वापरण्याची फेरी, वाया जाते, हाही गैरसमज आहे. आज पन्नास टक्के वापरून भरले आणि उद्या पुन्हा पन्नास टक्के वापरले, तर दोन्ही दिवस मिळून एकच आवर्तन मोजले जाते. आपली सवय चांगली आहे. ती तशीच राहू द्यावी. टक्क्यांचा आकडा फसवा वाटू लागला, म्हणजे २० टक्के दाखवत असतानाच मोबाइल बंद पडू लागला, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने आकडा पुष्कळदा सुधारतो. मात्र त्याने केवळ मोजमाप सुधारते, सेलची गेलेली क्षमता परत येत नाही.

प्रश्न : माझा लॅपटॉप दिवसभर टेबलावर प्लगला जोडलेलाच असतो, तर कॅमेरा महिनोन्‌महिने कपाटात पडून असतो. दोन्हींच्या बॅटरीसाठी काय करावे?

उत्तर : लॅपटॉप प्लगला जोडलेला असताना बहुतांशी अडॅप्टरच्या विजेवर चालतो, त्यामुळे तो जोडून ठेवण्यास हरकत नाही. पण बॅटरी महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसरच्या उष्णतेत राहते, हे टाळावे. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर रोखण्याची सेटिंग असते; आपल्यासाठी ती सर्वांत उपयोगी ठरेल. हवा खेळण्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात.

कॅमेऱ्याची बॅटरी निम्मी भरलेली असताना काढून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी तपासून पुन्हा निम्म्यावर आणावी. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर ती आपोआप आणखी उतरत जाते, व्होल्टेज सुरक्षित मर्यादेखाली गेल्यावर आतली तांब्याची पातळ पट्टी विरघळू लागते आणि मग संरक्षक सर्किट ती भरूच देत नाही.

प्रश्न : लॅपटॉपचा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर मोबाइलला लावला तर मोबाइल जळेल का?

उत्तर : नाही. चार्जर चांगल्या प्रतीचा असेल तर आधी त्याचा व मोबाइलचा आपसांत ताळमेळ होतो आणि मोबाइल पेलेल तेवढीच वीज घेतो. धोका असतो तो निकृष्ट चार्जर आणि खराब झालेल्या केबलचा.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर आला आहे आणि नीट दाबला जात नाही. लॅपटॉप चालू होतो. दुरुस्ती होईपर्यंत वापरला तर चालेल का?

उत्तर : कृपया वापरू नये. लॅपटॉप आजच बंद करून प्लग काढावा. टचपॅडखाली पुष्कळदा बॅटरीच असते आणि तो उचलला जाणे हे ती फुगल्याचे लक्षण असू शकते. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागणे किंवा मोबाइलचा पडदा कडेने सुटणे, हीही तशीच लक्षणे. आतल्या द्रव्याचे विघटन होऊन निघालेल्या वायूने सेल फुगतो. टचपॅड दाबून बसवू नये आणि वायू काढण्यासाठी बॅटरीला टाचणीने टोचण्याचा विचारही मनात आणू नये, कारण आतील थर एकमेकांना टेकले की क्षणात आग लागू शकते. लॅपटॉप कागद-कापडापासून दूर, फरशीसारख्या न जळणाऱ्या जागी ठेवावा आणि बॅटरी जाणकार दुरुस्ती केंद्राकडूनच काढून घ्यावी. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये; कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाऊन पेट घेऊ शकते. ती ई-कचरा संकलन केंद्रातच, आणि फुगलेली आहे असे स्पष्ट सांगून, द्यावी.