शेंगूनची मिनिटं कशी वाढली, आणि माझी कधी वाढणार?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुझं म्हणणं असं की अमेरिकेच्या एनबीए ह्या बास्केटबॉल लीगमधल्या ह्युस्टन रॉकेट्सचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच माणूस, अल्परेन शेंगून पहिल्या वर्षी जेमतेम वीस मिनिटं खेळायचा आणि दोन वर्षांत बत्तीसवर गेला, तर मधे नेमकं काय झालं, आणि तू स्वतः कॉलेजच्या टीममध्ये सहा फूट तीन इंचाचा सेंटर असून सर तुला चार-पाच मिनिटांच्या वर खेळवत नाहीत, तर तू काय करायचं. एकोणीस वर्षांचा आहेस म्हणतोस म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नको.

मी वेंगुर्ल्याचा. घरचा काजूचा लहानसा कारखाना आहे, तोच बघतो. कॉलेजात मीपण सेंटर होतो, उंची सहा दोन, टोपणनाव अर्थातच माड. ह्युस्टनची घरची संध्याकाळची मॅच आपल्याकडे थंडीत सकाळी साडेसहाला लागते आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेपाचला, नेमका तेव्हाच आमचा काजूचा सीझन असतो, त्यामुळे बिया अंगणात वाळत घालायच्या आधी माझा एक हाफ बघून होतो. शेंगूनबद्दल मला जरा जास्तच माया आहे आणि त्याचं कारण एकदम फालतू आहे. तो तुर्कस्तानातल्या गिरेसुनचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या काठावरचा, आणि ते गाव हेझलनटसाठी प्रसिद्ध. समोर समुद्र आणि मागे बिया फोडणारी माणसं. आमच्याच वाडीतला वाटतो मला.

आता आधी हिशोब बघ. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे कोचकडे वाटायला २४० मिनिटं. (आम्हा काजूवाल्यांना २४० म्हटलं की गराची ग्रेड आठवते, पौंडात साधारण तेवढे अख्खे गर बसतात. असो.) गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारे, दोन-तीन एकदम खेळू शकतात पण सेंटर बहुतेक वेळा एकच असतो, म्हणजे त्या जागेची मिनिटं ४८, संपलं. तू खेळतोस ते फिबा ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी, तिथे ४०च. त्यामुळे बिग मॅनची मिनिटं वाढली म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी बिग मॅनची तेवढीच गेली. हे डोक्यात पक्कं बसव, कारण सगळे म्हणतात मेहनत केली की मिनिटं मिळतात, आणि ते अर्धंच खरं आहे.

शेंगूनचंच घे. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, १६ वा गेला, तेव्हा वय जेमतेम १९, आणि त्याच सीझनला बेशिक्ताश क्लबकडून खेळताना तुर्की लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला होता, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये, अठराव्या वर्षी. तरी ह्युस्टनला गेल्यावर २०.७ मिनिटं. का, तर तिथे आधीच ख्रिश्चन वूड हा बिग मॅन होता. टीम हरतच होती, २० जिंकल्या ६२ हरल्या, तरीपण सुरुवात वूडच करायचा आणि हा बेंचवरून यायचा. २०२२ च्या जूनमध्ये वूडला डॅलसला पाठवलं, आणि पुढच्या सीझनला शेंगून २८.८ वर. आता सांग, त्या एका उन्हाळ्यात त्याचा खेळ आठ मिनिटांनी सुधारला का? थोडा सुधारला असेलच, पण मुख्य म्हणजे पुढचा माणूस गेला.

रूडी गोबेअर ह्या सेंटरचं पण तेच झालं. पहिल्या वर्षी युटाकडून मॅचला दहा मिनिटंसुद्धा नाहीत, मग फेब्रुवारी २०१५ मध्ये पुढचा सेंटर एनेस कांटर ह्याला ओक्लाहोमाला दिलं आणि जागा मोकळी झाली. त्यानंतर गोबेअर चार वेळा लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला.

योकिचची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. २०१६ ला डेन्व्हरने योकिच आणि नुर्किच दोघांना एकत्र खेळवून बघितलं, दोघे सेंटर, दोघांच्या पायात पाय. तेव्हा योकिच स्वतः कोचला म्हणाला की मला बेंचवरून खेळवा. विचार कर, पुढे तीन वेळा एमव्हीपी झालेला माणूस स्वतःहून बेंच मागतोय. डिसेंबरच्या मध्यात कोचनी उलटं केलं, त्याला स्टार्टर केलं आणि सगळा अटॅक त्याच्या हातातून चालवायला लागले. नुर्किचची मिनिटं आटली, फेब्रुवारीत तो पोर्टलंडला गेला आणि तिथे जाऊन मस्त खेळला! म्हणजे तो काही वाईट प्लेयर नव्हता, ४८ मध्ये दोघे बसत नव्हते एवढंच.

आणि उंचीवर फार विसंबू नको. पंजाबच्या खेड्यातला सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला, भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिला माणूस. डॅलसच्या डेव्हलपमेंट टीमकडून खेळला पण एनबीएत एक मिनिट मिळालं नाही. तुझ्या सहा-तीनला कॉलेजात भाव आहे, पण सरांनी तुला खेळवायलाच पाहिजे असा नियम नाही कुठे.

बरं, मग जागा मोकळी झाली की आपोआप मिळते का? नाही ना. २०२३ ला ह्युस्टनमध्ये इमे उडोका कोच म्हणून आला, डिफेन्सच्या बाबतीत एकदम कडक माणूस, आणि त्या उन्हाळ्यात टीम ब्रूक लोपेझच्या मागे होती. म्हणजे शेंगूनच्या डोक्यावर दुसरा सेंटर आणून बसवायचं चाललं होतं. लोपेझ मिलवॉकीतच राहिला म्हणून शेंगून वाचला. आणि आणायचं का होतं, तर शेंगून अटॅकला देवमाणूस पण मागे गळका. समोरचा गार्ड मुद्दाम शेंगून ज्याला अडवतोय त्याच माणसाला स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहायला, बोलवायचा, हा बाहेर ओढला जायचा, पाय पोचायचे नाहीत, मग हात घालायचा, आणि फाउल. पहिल्या वर्षी वीस मिनिटांत सरासरी तीनच्या आसपास फाउल होते त्याचे, तिथे सहाव्याला बाहेर.

इथे मी जरा थांबतो कारण हेच माझं दुखणं होतं.

फर्स्ट इयरला इंटर-कॉलेजची मॅच, कोर्ट समुद्रापासून हाकेवर, रिंग खाऱ्या हवेने गंजलेली, बॉल लागला की तांबडा भुगा डोळ्यात. दुसऱ्या क्वार्टरला सरांनी मला आत पाठवलं. पहिला फाउल, गार्डच्या ड्रिबलवर हात मारला, गरज नव्हती. दुसरा, स्क्रीन लावताना कंबर पुढे काढली. तिसरा, लेअपला वरून खाली चापट, अगदी घरात डास मारतात तशी. साडेतीन मिनिटं झाली असतील आणि माझे तीन फाउल. फिबात पाचव्याला बाहेर, म्हणजे सरांना मला बसवण्याशिवाय पर्यायच ठेवला नाही मी. बेंचवर आलो तेव्हा ओरडले पण नाहीत, नुसतं म्हणाले, "मेल्या, हात खाली कित्याक घालतंस? तू माड मा रे? माड वाकता काय कधी?"

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला पिशवीतून दोन सोललेले नारळ घेऊन आले. एक ह्या हातात एक त्या हातात, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि लेनमध्ये आडवं सरकायचं, गार्ड अंगावर येणार, मी फक्त सरळ वर उडी मारायची, छाती त्याच्या अंगाला लागली तरी चालेल पण हात पुढे नाही. नारळ हातात असला की चापट मारताच येत नाही. तीन मिनिटांत खांदे पेटतात. एकदा एक नारळ सुटला आणि अंगठ्यावर पडला, नख काळं झालं, ते जायला पावसाळा उजाडला. पोरं हसायची, आणि त्या नारळांचं मग सरांच्या घरी काय व्हायचं ते विचारू नको.

सांगायचा मुद्दा, दिवाळीनंतर माझे फाउल कमी झाले पण मिनिटं तेवढीच! पुढे सिनियर होता ना. आमचा ख्रिश्चन वूड. त्याला जानेवारीत गोव्याला हॉटेलात नोकरी लागली आणि तो गेला, दुसऱ्याच मॅचला मी पंचवीसेक मिनिटं खेळलो. नोकरी त्याला लागली, पेढे मी मनातल्या मनात वाटले. पण तोच सप्टेंबरमध्ये गेला असता तर मी परत साडेतीन मिनिटांत तीन फाउल करून आलो असतो आणि सरांनी एखाद्या जाड्या फॉरवर्डला सेंटर केला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेंगूनकडे परत येतो. २०२३-२४ ला ३२.५ मिनिटं, २१.१ पॉइंट, ५ असिस्ट (ज्यावर बास्केट होते ते पास), आणि टीम २२ विजयांवरून ४१ वर. त्या सीझनच्या आधीच्या उन्हाळ्यात ह्युस्टनने व्हॅनव्हलीट आणि डिलन ब्रूक्स ह्या चिवट डिफेन्सवाल्यांना आणलं होतं, ही गोष्ट लोक विसरतात. पुढचे गार्ड माणसाला चिकटून राहिले की मागच्या सेंटरवर सुटलेली माणसं कमी येतात, त्याचे फाउल वाचतात, आणि तो शेवटच्या क्वार्टरला कोर्टवर उरतो. सेंटरची मिनिटं अर्धी गार्डच्या पायावर असतात असं माझं मत आहे. तुझे गार्ड कसे आहेत ते तू लिहिलंच नाहीस.

आणि त्याची एक चाल बघ, यूट्यूबवर ढिगाने मिळेल. फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर बॉल घेतो, पाठ रिंगकडे, डिफेंडरची छाती पाठीवर. एक ड्रिबल, खांदा लावतो, अर्धा वळतो, आणि ह्या सगळ्यात तो डिफेंडरकडे बघतच नाही, बघतो तो दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे. त्या माणसाने नुसती मान वळवली, एवढीशी, की बॉल त्याच्या मागून कट मारणाऱ्याच्या हातात. ह्याला बेबी योकिच म्हणतात ते ह्यासाठी. अशा सेंटरला बसवलं की नुसता एक माणूस कमी होत नाही, अख्खा अटॅक बंद पडतो, आणि मग कोचला त्याची डिफेन्सची गळती सहन करून त्याला ठेवावं लागतं.

पूर्ण खरं सांगायचं तर २०२४ च्या मार्चमध्ये त्याला दुखापत झाली आणि तो नसताना टीम सलग जिंकत सुटली, तेव्हा माझ्यासकट बऱ्याच जणांच्या मनात आलं की गेली ह्याची मिनिटं. गेली नाहीत. २०२५ ला ऑलस्टार मॅचसाठी निवडला गेला. त्याच सीझनला उडोका त्याच्या जोडीला स्टीव्हन ॲडम्सला पण खेळवायला लागला, दोन दांडगे एकदम, झोन लावून (माणसामागे न धावता आपापली जागा राखून), म्हणजे वर मी एकच सेंटर म्हटलं त्याला हा अपवाद झाला. ॲडम्स रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल, खेचायचा, हा पास द्यायचा. डेन्व्हरला जमलं नाही ते इथे जमलं कारण ॲडम्सला बॉल नकोच असतो.

आता तुझं. तू लिहिलंयस की रोज दीडशे थ्री-पॉइंटर मारतोस. मार, पण सरांना त्याने काही वाटणार नाही असं मला वाटतं. तुला पाच मिनिटं मिळतात ना, मित्राला सांग त्या पाच मिनिटांचं वहीत लिहायला. पॉइंट नको, फाउल किती, शॉट गेल्यावर तू तुझ्या माणसाला पाठीने अडवलास की बॉलकडे बघत उभा राहिलास, आणि स्क्रीन येतोय हे तू ओरडून गार्डला सांगितलंस का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मागून सगळं कोर्ट फक्त सेंटरला दिसतं, आणि आपली कोकणातली उंच पोरं लाजाळू असतात, तोंडच उघडत नाहीत. मी "डावीकडे डावीकडे" ओरडायला शिकलो तेव्हा पहिल्यांदा सरांनी मला चौथ्या क्वार्टरला ठेवलं, त्या मॅचला माझे पॉइंट चार होते.

कॉलेज बदलू का असं विचारलंयस. तुझ्या पुढचा सिनियर कितव्या वर्षाला आहे ते आधी बघ. थर्ड इयरला असेल तर गप बस, मार्चमध्ये जाईल. सेकंड इयरला असेल तर सरांना विचार की दोघांना एकत्र खेळवून बघता का, तू स्क्रीन आणि रिबाउंडचं काम घे, बॉल त्याला दे. तो कितव्या वर्षाला आहे ते खाली लिही, म्हणजे पुढचं बोलू. आणि नारळ सोललेलेच घे, असोला एका हातात मावत नाही.