मांडीवर बाळ, समोर वाफाळता चहा

वाचकांचे प्रश्न : बालआरोग्य

हॉटेलात, पंगतीत आणि प्रवासात लहान मुलांना गरम खाण्यापिण्यानं भाजतं, त्याबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी १४ महिन्यांची आहे. रविवारी सकाळी घरचे सगळे इडली-सांबार खायला बाहेर जातो. ती मांडीवर बसते, पण हात सतत टेबलावर. परवा चहाचा ग्लास थोडक्यात वाचला. तिला हॉटेलात न्यायचंच नाही का?
– एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : न्या की! बसण्याची जागा आणि ऑर्डरचा क्रम, एवढं बदललं तरी धोका पुष्कळ कमी होतो.

बाळ ज्याच्याकडे आहे त्यानं भिंतीकडच्या खुर्चीत बसावं. स्वयंपाकघराच्या दारातून वेटर ज्या वाटेनं ये-जा करतात त्या वाटेवर बसलं, की सांबाराचा ट्रे बाळाच्या डोक्यावरूनच टेबलावर येतो आणि नेमकं तेव्हाच ते हात वर करतं. वेटर आला की बाळाकडे बोट दाखवून कन्नडमध्ये सांगा, "कूस ऐतरी, बिसीद ई कडे इडब्याडरी" (बाळ आहे, गरम इकडे ठेवू नका). मराठीत सांगितलंत तरी बेळगावात कळतंच, फक्त ते प्लेट ठेवण्याआधी सांगायला हवं.

हॉटेलातलं टेबल साधारण दोन-अडीच फूट रुंद असतं आणि मांडीवरचं मूल पुढे झुकलं की निम्म्याहून जास्त टेबल त्याच्या हाताखाली येतं. म्हणून ग्लास जरा मागे सरकवून भागत नाही. तो थेट पलीकडे बसलेल्या माणसापुढे गेला पाहिजे. टेबलावर कापड, कागद किंवा केळीचं पान अंथरलं असेल तर बाळाच्या बाजूचं काढायला सांगा. ग्लासापर्यंत हात न पोचलेलं मूल पान ओढतं, आणि पानासोबत ग्लास येतो.

तिचं खाणं सगळ्यांच्या आधी मागवा, आणि ते गारच असू द्या: दहीभात, केळं, ताकात कालवलेला मऊ भात. तिचं पोट भरलं की मग मोठ्यांच्या गरम प्लेटा. चहा सगळ्यांत शेवटी. चहा पिणाऱ्याच्या मांडीवर बाळ नको, ही गोष्ट एकदाही सोडू नका. एकानं चहा घ्यावा, दुसऱ्यानं तिला घेऊन दाराशी फेरी मारावी, मग अदलाबदल करावी.

इतकं कशासाठी, तर दूध घालून उकळलेला चहा समोर येतो तेव्हा बहुधा ७० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला सुमारे ५ सेकंद घेतं. लहान मुलाला साधारण एक सेकंद पुरतो, कारण त्याची कातडी पातळ असते. चहा ओतून १५ मिनिटं झाली असली तरी त्यानं बाळ भाजू शकतं. शिवाय चटका बसला की आपण मागे सरतो. मांडीवर धरलेल्या बाळाला सरता येत नाही. ग्लास उपडा झाला तर चहा हनुवटी, गळा, छाती असा ओघळतो आणि कपड्यात मुरून तिथंच राहतो.

हॉटेलात उंच खुर्ची मिळत असेल तर जरूर घ्या, पण पट्टा लावा, नुसत्या आडव्या दांडीवर विसंबू नका. खुर्ची टेबलाला भिडवूही नका, कारण मुलं पायानं टेबलाला रेटा देतात.

प्रश्न : नातवाला भरवताना इडली, वडा वरून कोमट लागतो आणि आत मात्र चांगलाच गरम निघतो. नेमकं तपासायचं कसं?
– एक आजोबा, गोकाक

उत्तर : बोट वरून लावू नका, घास फोडून मधोमध लावा. इडलीचे चार तुकडे करून ते उलटे पसरा, म्हणजे आतली वाफ निघून जाते. बटाटावडा, सामोसा आणि मसाला डोशातली भाजी यांत पाणी भरपूर असतं आणि वर आवरण, त्यामुळं आतली उष्णता अडकून राहते. ही भाजी बाहेर काढून ताटात पातळ पसरावी. टम्म फुगलेली पुरी मुलाच्या तोंडाजवळ कधीच फोडू नका. भोक पडताच वाफेचा झोत निघतो. शिऱ्यातलं तूप-साखर उष्णता बराच वेळ धरून ठेवते, म्हणून शिऱ्याला इडलीपेक्षा जास्त वेळ द्या.

मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा सगळ्यांत फसवे. वर तेलाचा थर असला की खालून वाफ निघत नाही. दिसायला शांत, पण तो थर झाकणासारखं काम करतो, म्हणून रस्सा उशिरापर्यंत कढत राहतो. वाफ दिसत नाही म्हणून गार झालं असं समजू नका. रस्सा वाटीत न ठेवता पसरट ताटलीत घ्या, ढवळा, थेंब आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा. तिथं गरम असं काही जाणवलंच नाही तर द्या. स्टीलची वाटी आणि ग्लास यांच्या कडाही तापतात. मुलाचे ओठ आधी कडेलाच लागतात.

प्रश्न : लग्नात, यात्रेत पंगतीला बसतो तेव्हा रांगती-चालती पोरं मधूनच पळतात आणि वाढपी आमटीच्या बादल्या घेऊन धावतात. जीव नुसता टांगणीला लागतो बघा. घरच्या बायकांनी किती लक्ष ठेवायचं?
– एक आजी, खानापूर

उत्तर : आजी, लक्ष ठेवून हे सुटणारं नाही. तीनशे माणसांच्या पंगतीत एका आईचं लक्ष पुरत नाही, आणि तिला दोष देणंही बरं नाही. व्यवस्था बदलली पाहिजे, आणि ती यजमानांनी आणि आचाऱ्यानं आधी ठरवावी.

लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायकांची पंगत वेगळी, भिंतीलगत आणि शक्य तर टेबल-खुर्चीवर बसवा. जमिनीवर बसायचंच असेल तर त्या ओळीला गरम आमटी बादलीतून वाढूच नका. लहान पातेल्यात, दोन-अडीच लिटरपेक्षा जास्त नाही, अर्धंच भरून न्यावी. काठोकाठ भरलेली बादली पोराला चुकवायला झटका बसला की हिंदकळते. अर्धी भरलेली सहसा हिंदकळत नाही. ओगराळं बादलीत उभं ठेवून पळणंही बंद करा, त्याचा दांडा कुणाच्याही पदराला अडकतो. वाढप एकाच दिशेनं चालावं, म्हणजे दोन वाढपी समोरासमोर येत नाहीत. आणि भात-आमटी वाढण्याच्या आधी पानात मीठ, कोशिंबीर, चपाती हे गार पदार्थ येऊ द्यात. तेवढ्या वेळात मूल शांत बसतं.

खरी धास्ती चुलवणाची. यात्रेत आणि लग्नघरी मागच्या अंगणात दगडांच्या चुलीवर मोठी पातेली असतात, आणि भात शिजला की ती उतरवून जमिनीवरच ठेवतात. ज्या पातेल्याची कड मुलाच्या गुडघ्याएवढी आहे, त्यात मागं मागं चालणारं पोर बसकण मारून पडतं. अशी भाजणं सगळ्यांत वाईट असतात, कारण पाठ, मांड्या, बूड सगळंच आत जातं आणि स्वतः उठता येत नाही. म्हणून उतरवलेलं प्रत्येक पातेलं लगेच झाकणानं झाका, आणि झाकणावर वजन ठेवा. चुलवणाभोवती निदान दोन मीटरवर दोरी किंवा बाकडी आडवी लावा, आणि एका माणसाला फक्त तेवढंच काम द्या: पोरांना तिकडं येऊ न देणं. पेज आणि भाताचं गरम पाणी टाकायची जागाही त्या दोरीच्या आतच असावी.

प्रश्न : आम्ही निपाणीहून महामार्गानं गाडीनं जातो. धाब्यावर सांबाराचं पार्सल घेतो आणि बाटलीतलं दूध गरम करून घेतो. यात काही धोका?
– एक वडील, निपाणी

उत्तर : दोन्हींत आहे. सांबाराच्या प्लास्टिक पिशवीचं तोंड दोऱ्यानं आवळलेलं असतं. ती मांडीवर धरून दोरा ओढला किंवा दातानं तोडला की दाबानं सांबार उडतं. पार्सल पायाशीही ठेवू नका. ब्रेक लागला की पिशवी फुटते. डब्यात घ्या, डबा डिकीत ठेवा, आणि गाडी थांबल्यावर, बाळ दुसऱ्याकडे असताना उघडा. चालत्या गाडीत कागदी कपातला चहाही नको. कप हलका असतो, भरून दाबला की वाकतो, आणि बाळानं तो पकडला तर त्याच्या बोटांनीच चेपला जातो.

दुधाची बाटली तापवायला धाब्यावाले तांब्याभर उकळतं पाणी देतात. दूध कोमट होईपर्यंत ते पाणी टेबलावर उघडं राहतं, आणि दुधापेक्षा भाजण्याचा धोका त्याच पाण्याचा जास्त असतो. तांब्या पलीकडच्या टेबलावर ठेवायला सांगा, किंवा बाटली कोमट पाण्यातच धरा. मायक्रोवेव्हमध्ये दूध एका जागी कोमट, एका जागी कढत होतं. बाटली बाहेरून गार लागते पण आतलं दूध तोंड भाजतं. तसं गरम केलंच तर हलवून एक-दोन मिनिटं थांबा आणि मनगटावर थेंब टाकूनच द्या.

प्रश्न : भाचीच्या अंगावर चहा सांडला तर कुणी हळद लावा म्हणालं, कुणी टूथपेस्ट, कुणी बर्फ. पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं?
– एक मामा, चिकोडी

उत्तर : वाहतं गार पाणी, पूर्ण २० मिनिटं. भिजलेले कपडे काढणं सोडलं तर बाकी सगळं त्यानंतर. या पाण्यानं भाजणं खोल जायचं थांबतं, वेदना कमी होतात, आणि भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. म्हणजे हॉटेलात जमलं नाही तर घरी किंवा दवाखान्यातही करता येतं, पण जितकं लवकर तितकं बरं.

आधी कपडे काढा. चहा-सांबारानं भिजलेला कपडा गरम पोटीससारखा अंगावर तापतच राहतो, आणि डायपरमध्ये तर ते पाणी साचून राहतं, म्हणून तोही लगेच काढा. गळ्याच्या बाजूचा कपडा डोक्यावरून ओढू नका, कात्रीनं समोरून कापा. कातडीला चिकटलेला भाग तसाच ठेवून भोवतालचा कापा. कडी, बांगड्या, पैंजण, काळा दोरा, करदोडा काढून टाका. सूज आल्यावर ते रक्त अडवतात.

मग बेसिनचा नळ. नळ नसेल तर तांब्यानं, बाटलीनं, हॉटेलच्या वीस लिटरच्या कॅनमधून ओतत राहा. मात्र बऱ्याच हॉटेलांत पिण्यासाठी गरम पाण्याचा जगही ठेवलेला असतो आणि धावपळीत हाताला तोच लागतो. ओतण्याआधी आपल्या हातावर घ्या. पाणी फक्त भाजलेल्या जागेवर पडू द्या. बाकीचं अंग शालीत गुंडाळून उबदार ठेवा, लहान मूल पटकन गार पडतं.

बर्फ नको, तो रक्तवाहिन्या आखडून कातडीचं जास्त नुकसान करतो. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांनी उष्णता आतच अडकते आणि जंतुसंसर्ग होतो. शिवाय किती खोल भाजलंय ते डॉक्टरांना कळत नाही. फोड फोडू नका. पाणी झाल्यावर धुतलेलं सुती कापड किंवा पदार्थ झाकायची पारदर्शक फिल्म सैल ठेवा, आवळून गुंडाळू नका. कापूस चिकटतो, तो नको.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल सिरप चालतं, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानं. बाटलीवर ५ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचून मोजा, कारण ताकद वेगवेगळी असते. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका.

दवाखाना कधी? मुलाचा पूर्ण पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. तेवढं किंवा जास्त भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, जननेंद्रियं यांपैकी काही भाजलं असेल, तर थेट रुग्णालय. वर्षाच्या आतल्या बाळाला कितीही कमी भाजलं तरी दाखवा. कातडी पांढरट झाली आणि मूल रडत नाही हे चांगलं लक्षण नव्हे. खोल भाजलं की जाणीवच जाते. कढत काही गिळलं आणि लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय किंवा श्वासात आवाज येतोय, तर क्षणही घालवू नका. १०८ क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. निपाणीकडच्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं, तेव्हा सीमा न बघता जवळचं रुग्णालय धरा.

पुढचे काही दिवस ताप, उलट्या, जुलाब, अंगावर लाल पुरळ किंवा मूल मलूल दिसलं, तर भाजणं छोटं असलं तरी लगेच दाखवा. धनुर्वाताची लस दीड वर्षाच्या डीपीटी बूस्टरपर्यंत झाली आहे का, ते लसीकरण कार्ड बघून डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : संकेश्वरजवळ माझं छोटं हॉटेल आहे. पाहुण्यांच्या मुलांना आमच्याकडं इजा होऊ नये म्हणून काय करता येईल?
– एक हॉटेलमालक

उत्तर : मूल असलेल्या टेबलावर चहा ग्लासात पाऊणच भरा. कडकडीत तापलेली सिझलरची लोखंडी प्लेट त्या टेबलाला देऊच नका, मागितली तरी दुसरं काही सुचवा. मुलांसाठीची दोन टेबलं स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, भिंतीकडे ठेवा. उंच खुर्चीचा पट्टा तुटला असेल तर ती खुर्ची वापरातून काढा. पोऱ्यांना एकच सवय लावा: गरम वस्तू मोठ्या माणसाच्या हाताशी ठेवायची आणि तोंडानं "गरम आहे" असं म्हणायचं. बेसिनचा नळ सुरू असेल, त्याखाली दोन माणसं आणि एक मूल मावतील एवढी जागा असेल, आणि नळाला हात-दोन हात लांबीची रबरी नळी जोडलेली असेल, तर छाती-पोटावर पाणी सोडायला सोपं जातं.