पिकअप किती उचलावी?

प्रश्न : कापूस भरून पांदीतून निघताना पिकअप खालून घासते. गॅरेजवाला चार इंच उचलून देतो म्हणतो. करू का? – एक वाचक, गेवराई

उत्तर : दादा, चार इंच नको. कापूस आधीच कॅबिनच्या वर जातो; गाडी अजून उंच झाली की वळणावर कलंडायला वेळ लागत नाही. आधी पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बघा. जालन्यात माझ्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांचे पाटे नुसते बसलेले, बाक गेलेले असतात, त्यांना पुन्हा कमान करून घेतली की भागतं. तरी हवंच असेल तर इंच-दीड इंच, मागे दर बाजूला पाटा आणि ॲक्सल (चाकं जोडणारा दांडा) यांच्यामध्ये एकच अखंड ठोकळा आणि ते सगळं आवळून धरणारे नवे यू-बोल्ट. ठोकळ्यावर ठोकळा रचू देऊ नका, पुढच्या ॲक्सलला तर लावूच नका. नंतर चाक लोंबतं ठेवून ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणतो का, हात लावून पाहा. आरटीओच्या मंजुरीचंही आधी विचारा.