स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांची कामगिरी कशावर अवलंबून असते : पगार, प्रशिक्षण की वरिष्ठ?

वरिष्ठांवर. आणि तुमच्या यादीत नसलेल्या रिक्त पदांवर. सातव्या वेतन आयोगानंतर पगार कमी म्हणून काम अडवणारा कायम कर्मचारी मी तरी पाहिला नाही. कंत्राटी पोरांचं दुखणं वेगळं.

पंचायत समितीतून वरिष्ठ सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. माझ्याकडे आस्थापना, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-रजांचं टेबल होतं. शेजारच्या टेबलाचे अण्णा निवृत्त झाले, जागा भरली नाही, त्यांच्याकडच्या घरकुल योजनेचा चार्ज माझ्या गळ्यात. तेव्हाचे बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, आमचे साहेब, सकाळी व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, दुपारी जिल्हा परिषदेत, संध्याकाळी दौऱ्यावर. घरकुलाच्या हप्त्याची फाईल मी तयार करून द्यायचो, ती केबिनमध्ये सहीसाठी पडून. पाऊस तोंडावर, स्लॅबचे पैसे अडकलेले, लाभार्थी शिव्या देणार मला. वर माझ्याच गोपनीय अहवालात शेरा : 'कामाचा उरक कमी.'

मग त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या. दहा ते अकरा फक्त सह्या, आणि दर सोमवारी कार्यविवरण नोंदवही, म्हणजे कुणाकडे काय आलं, काय निकाली निघालं त्याची वही, स्वतः तपासायच्या. आम्ही तेच, पगार तोच, अण्णांची खुर्ची रिकामीच. तरी महिन्याभरात कपाटावरचे गठ्ठे उतरले. यात नवीन काय होतं? जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिनांनी 1980च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कामाची शिस्त लावून दाखवलीच होती. 2005च्या बदल्यांच्या आणि दप्तर दिरंगाईच्या कायद्यातही आहे की फाईल कुणाकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त थांबू नये. तो नियम बीडीओंनाही लागू होतो, पण खुलासा मागतात तो कारकुनाचा.

आमचे मेहुणे खासगी बँकेत. दर दिवाळीला एकच पालुपद : "तुम्हाला टार्गेट लावा, मग बघा कसे पळता!" अहो, 31 मार्चच्या आत निधी खर्ची टाकायचा, ते काय असतं मग? त्यांच्या शाखेत दोन काउंटर एकाकडे देऊन मॅनेजर दिवसभर बाहेर राहू दे, रांग कुठवर जाते ते बघू.

प्रशिक्षणं होतात, पण परत आलेल्या माणसाला दुसऱ्याच टेबलावर बसवतात.

कामचुकार नसतात असं नाही. आमच्याकडेही एक चहाला गेले की जेवूनच यायचे. आणि हे सगळं पंचायत समितीचं, नगरपालिकेत नगरसेवकांचा दबाव धरून हिशेब करावा लागतो.

प्रकल्पासाठी विचारत असाल तर प्रश्नावली वाटू नका. साहेबांच्या डोळ्यांदेखत सगळे 'समाधानी'वरच खूण करतील. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि कुठली फाईल कुणाकडे किती दिवस होती, हे माहिती अधिकारात मागा. साहेबांचं टेबल धरून.