उत्तराखंडातल्या कौसानीजवळ दिसलेलं पांढऱ्या फुलांचं काटेरी झुडूप कोणतं? फळं खाता येतात का? पुण्यात कुंडीत लावता येईल का?

मे महिना, १,९०० मीटरच्या आसपासची उंची, काटे आणि पांढऱ्या फुलांचे झुबके, म्हणजे बहुधा घिंगारू. शास्त्रीय नाव पायराकँथा क्रेन्युलाटा, कूळ गुलाबाचं.

पण नुसत्या फुलावर जाऊ नका, फोटोत पान मोठं करून बघा. घिंगारूचं पान साधं, अरुंद, चकचकीत, दोन ते पाच सेंमी लांब आणि कडेला बारीक बोथट दाते. आखूड फांद्यांचीच टोकं काटे झालेली असतात, म्हणून काट्यावरही पानं फुटलेली दिसतात. फूल जेमतेम एक सेंमीचं, पाच पाकळ्यांचं. पाकळ्या चारच आणि पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिकांचं असेल तर तो हिमालयातला रानगुलाब. काटे नाहीत आणि झुडूप खडकाला चिकटून पसरलंय, तर कोटोनीॲस्टर.

फळं पावसाळ्याच्या अखेरीस नारिंगी-लाल होतात. वाटाण्याएवढी, खाली देठाच्या उलट बाजूला सफरचंदासारखी वाळलेली निदलं (फुलाखालची हिरवी पानं). कुमाऊँत, म्हणजे कौसानीच्या भागात, पोरं ती येता-जाता खातात. चव पिठूळ, किंचित तुरट. करवंदाची अपेक्षा ठेवू नका. बिया चावू नका, थुंकून टाका.

आता कुंडीचं. खरी अडचण थंडीची. बी रुजायला तीनेक महिने गारवा लागतो. पिकलेलं फळ पाण्यात कुस्करून गर पूर्ण काढा. गर राहिला की बुरशी धरते. बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. मग अर्धा सेंमी खोल पेरा. माती पाणी झटकन सोडणारी हवी, साचलं तर मुळं कुजतात. कुंडी बदलायची ती रोप लहान असतानाच. मोठं झाल्यावर मुळांना हात लागलेला त्याला सोसत नाही.

पुण्यात रोप जगेलही, पण पहाडासारखा बहर येईल असं मी तरी सांगणार नाही. फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात, त्यामुळे हिवाळ्यात आकार द्यायला म्हणून सरसकट छाटलंत तर त्या वर्षीचा बहर गेलाच. छाटायचं ते फुलं ओसरल्यावर, आणि जाड हातमोजे घालून.

बी अभयारण्यातून मात्र आणू नका. पहाडातल्या रोपवाटिकेत विचारा.